वाचक विचारतात : प्रोटीनच बनवत नाही, मग तो तुकडा गेल्याने एवढं काय बिघडतं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्या बाबांच्या रुटीन सीबीसीत पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या दिसल्या, पुढच्या तपासण्यांत सीएलएल निघाला, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, एक रक्ताचा कॅन्सर. सध्या औषध नाही, दर ३ महिन्यांनी रक्त बघायचं एवढंच सांगितलंय. फिश, म्हणजे क्रोमोसोममधले बदल बघणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टवर '१३क्यू१४ डिलीशन, ७१ टक्के पेशींमध्ये' असं लिहिलंय, म्हणजे १३व्या क्रोमोसोमचा एक तुकडा गायब आहे. वाचलं की त्या तुकड्यात मायक्रोआरएनए असतात आणि त्यांच्यापासून प्रोटीन बनतच नाही. मग ते गेले तर कॅन्सर का व्हावा? बाहेरून देता येत नाहीत का? आणि मला किंवा माझ्या भावाला हे येईल का?
– एक वाचक

उत्तर : तुम्ही जिथे अडलात ना, तिथेच शास्त्रज्ञही कितीतरी वर्षं अडले होते. सीएलएलच्या निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये १३व्या क्रोमोसोमचा हाच तुकडा गायब असतो हे माहीत होतं, त्यामुळे तिथे कॅन्सर रोखणारा एखादा जीन असणार म्हणून सगळे शोधत होते, पण प्रोटीन बनवणारा जीन शोधत होते आणि तसा काही हाती लागेना. शेवटी २००२ मध्ये कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या टीमला तिथे दोन मायक्रोआरएनए सापडले, मिर-१५ए आणि मिर-१६-१. कॅन्सरशी मायक्रोआरएनएचा संबंध दाखवणारा हा पहिला पुरावा.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांची चिमुकली साखळी. प्रोटीन बनवायचा निरोप मेसेंजर आरएनए घेऊन जातो, त्याच्या शेपटीकडच्या भागाला ही साखळी जाऊन चिकटते, जुळायला ६-७ अक्षरं पुरतात, आणि मग तो निरोप दाबला जातो किंवा नष्ट होतो. थोडक्यात, त्यांचं कामच मुळी दुसऱ्यांचं प्रोटीन कमी करायचं. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकून यांनी १९९३ मध्ये हे जेमतेम १ मिलिमीटरच्या एका कृमीत दाखवलं, तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. २०२४ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं.

आता बाबांच्या पेशींकडे या. मिर-१५ आणि मिर-१६ ज्यांना दाबून ठेवतात त्यातलं एक प्रोटीन म्हणजे बीसीएल२, आणि हे पेशीला मरू देत नाही. वय झालेली लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, सीएलएल त्यांचाच) खरं तर आपोआप मरायला हवी, पण दाबणारे गेले की बीसीएल२ वाढतं आणि पेशी मरतच नाही, साचत जाते. सीबीसीत दिसला तो आकडा बराचसा या साचण्याचा आहे. उंदरांमधून हा तुकडा काढून टाकल्यावर त्यातल्या काहींना सीएलएलसारखाच आजार झाला, म्हणजे हा नुसता योगायोग नाही. आणि व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी आज सीएलएलमध्ये वापरतात ती याच बीसीएल२ ला अडवते. मला स्वतःला हा धागा फार मोलाचा वाटतो, कारण मायक्रोआरएनए परत देता आला नाही तरी तो जे काम करत होता ते गोळीने करून घेता येतं.

मात्र सगळे मायक्रोआरएनए ब्रेकच असतात असं नाही हं. मिर-२१ बऱ्याच गाठींमध्ये वाढलेला असतो आणि तो पीटीईएनसारख्या, कॅन्सरला आवर घालणाऱ्या प्रोटीनलाच दाबतो. कोणाला दाबतोय त्यावर सगळं ठरतं.

बाहेरून देण्याचा प्रयत्न झालाय. मिर-३४ सारखा बनवलेला रेणू चरबीच्या बारीक थेंबांत भरून पेशंटना दिला होता, पण इम्युन सिस्टिमचे गंभीर साइड इफेक्ट झाले, मृत्यूही झाले, आणि २०१६ मध्ये ती ट्रायल थांबवावी लागली. एकच मायक्रोआरएनए शेकडो निरोपांवर बसतो, शिवाय तो नेमका हव्या त्या पेशीतच पोचवायचा, हे अजून नीट जमलेलं नाही. त्यामुळे कोणी मायक्रोआरएनए वाढवणाऱ्या कॅप्सूल विकत असेल तर प्लीज घेऊ नका.

७१ टक्क्यांचं मनावर घेऊ नका. फिशमध्ये त्या जागेला चमकणारा रंग चिकटवतात, नॉर्मल पेशीत दोन ठिपके दिसतात, तुकडा गेलेल्या पेशीत बहुतेकदा एकच, आणि असे ठिपके शेकडो पेशींत मोजून तो टक्का काढतात. आजार अंगात ७१ टक्के पसरलाय असा त्याचा अर्थ नाही. उलट फक्त १३क्यू डिलीशन असेल आणि बाकी काही नसेल, तर सीएलएल सहसा संथ चालतो.

तुमच्या भावाचं आणि तुमचं : हे डिलीशन बाबांच्या लिम्फोसाइटमध्ये आयुष्यात कधीतरी झालंय, जन्मापासून नाही, त्यामुळे ते मुलांकडे जात नाही. सीएलएल असलेल्यांच्या जवळच्या नातेवाइकांना रिस्क इतरांपेक्षा जास्त असते हे खरं, पण मुळात हा आजारच कमी लोकांना होतो, म्हणून तुम्ही दोघांनी आत्ता फिश करून घ्यायची गरज नाही.

पुढच्या व्हिजिटला मात्र एवढं नक्की विचारा की १७पी डिलीशन (१७व्या क्रोमोसोमचा तुकडा जाणं), टीपी५३ (त्याच तुकड्यातला, कॅन्सर रोखणारा जीन) आणि आयजीएचव्ही (अँटिबॉडी बनवणारा जीन) यांतले बदल बघितलेत का, कारण औषध लागलंच तर कुठलं द्यायचं हे बरंचसं त्यावर ठरतं.