जपानला गेल्यावर नुसती स्थळं न बघता तिथलं लोकजीवन कसं अनुभवावं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी दहा दिवस जपानला जाताय, टोकियो-क्योतो-ओसाका ठरलेलंच आहे, पण तिथली माणसं कशी राहतात तेही बघायचंय. मी टोकियोच्या पूर्व भागात, निशी-कासाईला चार वर्षं राहिले. माझं सांगणं एवढंच, की दहातले निदान तीन दिवस एखाद्या साध्या वस्तीत मुक्काम करा आणि जमलं तर जुलैची अखेर किंवा ऑगस्ट गाठा. त्या दिवसांत उकाडा जीव नकोसा करतो, तरीही.

कारण तेव्हा बोन ओदोरी, म्हणजे ओबोन सणातला सामूहिक नाच, असतो. ओबोन म्हणजे पितर घरी येण्याचे दिवस. बहुतेक ठिकाणी ते १३ ते १६ ऑगस्टला पाळतात, टोकियोत बऱ्याच घरी जुलैतच. आपला पितृपक्ष शांतपणे पार पडतो, तिथे मात्र पितरांसाठी नाचतात. आमच्या इमारतींच्या मधल्या मैदानात लाकडी मचाण उभं राहायचं, त्याला यागुरा म्हणतात. वर मोठा ताइको ढोल, चारी बाजूंना कंदिलांच्या माळा. अंधार पडला की युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसलेल्या बायका मचाणाभोवती फेर धरायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला भोंडलाच आठवला, फक्त मधे हत्तीऐवजी ढोल.

'तान्को बुशी' हे दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या कोळसा खाणकामगारांचं लोकगीत जवळजवळ सगळीकडे लागतं. त्याच्या नाचात सगळं खाणकामच आहे: खणायचं, कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा, कपाळाशी हात नेऊन मागे वळून बघायचं, गाडा ढकलायचा. मी चुकत होते तेव्हा शेजारच्या आजींनी काही न बोलता माझं कोपर धरून वर उचललं, दोन पावलं तसंच चालवलं आणि सोडून दिलं. तिसऱ्या फेरीला मला जमलं. तिथे तिकीट नसतं, ओळख लागत नाही. एखाद्या आजींच्या मागे उभं राहायचं आणि त्यांचे हात बघत चालायचं.

हे सगळं उभं करतं ते चोनाइकाइ, म्हणजे वस्तीचं मंडळ. आपल्या गल्लीतल्या गणेश मंडळासारखंच, पण बारा महिने राबणारं. भूकंपाची कवायत, बागेची सफाई, कावळ्यांनी उकरू नये म्हणून कचऱ्यावर टाकायची जाळी, सगळं तेच बघतं. सूचना काइरानबानवरून घरोघर फिरतात: एका फळीला कागद लावलेले असतात, ते वाचायचे, नावापुढे शिक्का मारायचा आणि फळी पुढच्या दारी नेऊन द्यायची. पहिल्यांदा ती माझ्याकडे आली तेव्हा मला कळलंच नाही, चार दिवस घरातच राहिली. शेजारच्या काकू विचारायला आल्या, कारण पुढची पाच घरं वाट बघत होती. मला फार वाईट वाटलं. त्यांनी मात्र दारातच बसून एकेक कागद समजावून सांगितला. आमची ओळख झाली ती अशी.

पाहुण्याला फळी मिळणार नाही, पण बाकी बरंच मिळतं. पहाटे उठवत असेल तर साडेसहाला जवळच्या बागेत जा. १९२८ पासून रेडिओवर चालत आलेल्या कवायतीला, रेडिओ ताइसोला, म्हातारी मंडळी जमलेली असतात. मागे उभे राहा, कुणी हटकत नाही. संध्याकाळी सेंतो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. पाण्यात उतरण्याआधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, हा नियम मात्र कधीही मोडू नका.

आणि टोकियोतल्या असाकुसाला सेन्सो-जी या बौद्ध देवळाची गर्दी बघून झाली की दहा मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेन या देवळात जाच. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेला. मूर्तीचं दर्शन होत नाही, ती झाकलेलीच ठेवतात. दूर्वा नाहीत, वाहायचा तो पांढरा मुळा! देवळातच विकत मिळतो. मी तो मुळा हातात धरून उभी होते तेव्हा घर सोडल्यानंतर पहिल्यांदा परकं वाटलं नाही.

बोन ओदोरीच्या तारखा प्रवासी पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. वस्तीत, बागेच्या फाटकाशी वगैरे सूचनाफलक असतो, कंदिलांचं चित्र असलेला कागद त्यावर शोधा. फोनने भाषांतर करून घेतलंत की मैदान आणि वेळ दोन्ही कळेल.