फ्युएल आणि टेम्परेचर, दोन्ही काटे एकदम बिघडलेत?
अरे दोन्ही काटे एकाच वेळी गंडले असतील तर मीटर बदलायची घाई अजिबात करू नकोस, दोन मीटर एकदम मरणं फार क्वचित होतं. आधी दोघांचं कॉमन काय ते बघ, म्हणजे फ्यूज, क्लस्टरची (डॅशबोर्डवरच्या सगळ्या मीटरच्या पॅनेलची) अर्थ वायर, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर, आणि जुन्या बऱ्याच गाड्यांत क्लस्टरच्या मागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो जो बॅटरीच्या १२ व्होल्टचे साधारण १० व्होल्ट करतो. त्याची अर्थ सुटली की दोन्ही काटे गरजेपेक्षा वर जातात, आणि लोक उगाच इंजिन गरम होतंय म्हणून रेडिएटर खोलत बसतात! त्या अर्थचा नट काढ, हिरवट गंज पॉलिश पेपरने घास, परत घट्ट बसव. क्लस्टर ओढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ हां, हे विसरू नकोस.

एकच काटा मेला असेल, समज टेम्परेचरचा, तर त्याच्या सेंडरची (इंजिनवरच्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) वायर काढून, इग्निशन ऑन ठेवून, क्षणभर बॉडीला टेकव. काटा एका टोकाकडे सरकला तर मीटर आणि वायर ठीक, सेंडर गेलाय. काटा हळू सरकतो पण टोकाला पोचायच्या आत वायर काढ, नाहीतर मीटर जळेल. मीटरला थेट १२ व्होल्ट तर कधीच देऊ नकोस.