लिटल मोरटन हॉल इतका वाकडा असूनही उभा कसा?

इंग्लंडमधील चेशर परगण्यातला लिटल मोरटन हॉल मुळातच असा वाकडा बांधला होता का, आणि तो कोसळत कसा नाही, असे आपण विचारले आहे. वाकडा तो बांधला नव्हता. पुढे झाला, आणि माझ्या मते त्यात लाकडापेक्षा छपराचा दोष अधिक आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेले हे घर मोरटन घराण्याने सुमारे शंभर वर्षे टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. सांगाडा ओकचा आहे. त्या काळचे सुतार ओक सहसा ओला असतानाच तासत, कारण सुकलेल्या ओकवर हत्यार सहजी चालत नाही. एका तुळईच्या टोकाची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून त्यातून आरपार लाकडी खुंटी ठोकत. जिभेतले भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडलेले असल्यामुळे खुंटी आत शिरताना सांधा आपोआप आवळला जाई. पुढे लाकूड सुकताना थोडेफार पिळवटते, हे खरे. पण एवढ्याने घर इतके वाकत नाही.

खरा भार आला तो दक्षिणेकडील बाजूवर. तेथे सर्वांत वर सुमारे २१ मीटर लांबीचे दालन चढवले गेले, आणि त्यावर जड दगडी फरशांचे छप्पर आले. खालच्या चौकटीला हे ओझे पेलताना वाकावे लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला आधार म्हणून पोलादी सळ्या घालाव्या लागल्या. तरीही घर टिकले, कारण येथे भार खांब व तुळया वाहतात. मधल्या भिंती कुडाच्या, म्हणजे काठ्या विणून त्यावर माती लिंपलेल्या, केवळ भरावाच्या असतात. खुंटीचा सांधा थोडे हलू देतो, पण सुटत नाही.

अंगणातील खिडक्या अवश्य पाहाव्यात. त्यांवर १५५९ हे वर्ष, मालक विल्यम मोरटन यांचे नाव आणि त्यांच्या बरोबरीने सुतार रिचर्ड डेल यांचेही नाव कोरलेले आहे. कारागिराला असा मान त्या काळी क्वचितच मिळे.

काळ्या-पांढऱ्या रंगाविषयीही आपण विचारले आहे. तो थाट बहुतांशी व्हिक्टोरियन काळाच्या आवडीचा आहे. त्यापूर्वी अशा घरांचा ओक बहुधा न रंगवता ठेवला जाई आणि ऊन-पावसाने रुपेरी करडा होई.