आधी वजन उतरवा, मग टाइल निवडा

प्रश्न : नमस्कार ताई. आमची गिरगावातली चाळ 1936 सालची. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, सगळं मिळून सव्वादोनशे फूट, पागडीची जागा. संडास सामायिक, गॅलरीच्या पार टोकाला. सासूबाईंचे गुडघे गेलेत, रात्री-अपरात्री त्यांना तिथवर नेणं कठीण होतं. म्हणून मोरीच्या जागी कमोड बसवायचा विचार आहे. कंत्राटदार म्हणतो, हात लावतोच आहोत तर मधली भिंत पाडून एक मोठी खोली करू, जुन्या लादीवरच नवी टाइल चिकटवू आणि पोटमाळ्यावर पाचशे लिटरची टाकी ठेवू. इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, हे तर वर्षानुवर्षं ऐकतोय. खर्च करावा की थांबावं?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : कमोड बसवा. बाकी तिन्ही गोष्टींना सरळ नाही म्हणा.

तुमच्या चाळीच्या काळातल्या इमारती बहुधा विटांच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर उभ्या असतात. कॉलम नाहीत, भिंत हाच कॉलम. मधली भिंत नऊ इंची असेल, छताच्या तुळया तिच्यावर टेकत असतील किंवा वरच्या बिऱ्हाडाची भिंत नेमकी तिच्यावर उभी असेल, तर ती पाडायचा विषयच संपला. साडेचार इंची असली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय छिन्नी लावू द्यायची नाही. ‘अहो, नुसतं पार्टिशन आहे’ असं म्हणणारा कंत्राटदार पुढच्या महिन्यात दुसऱ्या साइटवर असतो.

आता वजनाचं बघा. टाइल नुसती चिकटवली तरी शंभर फुटांना साधारण अडीचशे किलो वाढतात. वाळू-सिमेंटच्या थरावर बसवली तर सहाशेच्या पुढे. आणि तुमच्या लादीखाली आणखी एक लादी नाही कशावरून? सासऱ्यांनीही कधीतरी असंच ‘वरूनच’ काम उरकलेलं असू शकतं. म्हणून जुने थर आधी काढा. हाताने, छिन्नी-हातोडीने. ब्रेकर मशीन आणू देऊ नका, खालच्यांच्या छताचं प्लास्टर त्यांच्या ताटात पडेल. डेब्रिजच्या गोणी खोलीत रचून न ठेवता रोजच्या रोज खाली उतरवा. टाकीचा हिशेब तर सोपा आहे : पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो, तेही माळ्याच्या एका कोपऱ्यात. दोनशे लिटरचा पिंप ओट्याखाली भिंतीलगत ठेवा, भागतं.

कमोडच्या कामाची खरी तपासणी मात्र तुमच्या घरात होणार नाही, खालच्यांच्या घरात होईल. तुमच्या मोरीखालची तुळई त्यांच्या छताला दिसते. तुळईचं जे टोक भिंतीत शिरतं तिथे आधी बघायचं. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच मुरतं आणि लाकूड तिथूनच कुजायला लागतं. स्क्रू-ड्रायव्हर जोर लावून टोचा. चांगलं सागवान त्याला दाद देत नाही. बोटभर आत गेला, किंवा भुसा आणि वाळवीची माती बाहेर आली, तर काम तिथेच थांबवा. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी, असेल तर ती 1 सप्टेंबर 1940 पूर्वीची म्हणून ‘अ’ वर्गात येते, आणि तुळया, जिने, गच्ची यांची दुरुस्ती हे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचं काम. तिथे अर्ज करा. स्वतःच्या खिशातून तुळई बदलायला जाऊ नका.

तुळई धड निघाली तर प्लंबरला ‘पी ट्रॅप’ कमोड सांगा. त्याचं पाणी मागच्या बाजूने भिंतीतून बाहेर पडतं. कमोड हाउसगल्लीच्या (दोन इमारतींमधल्या अरुंद बोळाच्या) भिंतीला लागून बसवला की चार इंची पाइप थेट बाहेरच्या लाइनला मिळतो. फुटाला पाव इंचाहून थोडा जास्त उतार पुरतो. ‘एस ट्रॅप’चा पाइप जमिनीत उतरतो, तो लपवायला मग फूटभर उंच चौथरा करून त्यात विटांचा कोबा भरतात. चार बाय पाचच्या संडासात तो कोबा जवळजवळ एक टन भरतो. लाकडी तुळईवर एक टन! कोब्याऐवजी वॉटरप्रूफिंगच्या मेंब्रेनचे दोन हात द्या, एक आडवा, एक उभा, भिंतीवर निदान फूटभर चढवून. मग जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीच्या तोंडाला बोळा कोंबून दोन दिवस पाणी साठवा आणि खाली जाऊन त्यांचं छत बघा. टाइल त्यानंतरच.

खाली नेमकं त्यांचं देवघर किंवा ओटा येत असेल तर कामाआधी दोघी जाऊन बोला. सासूबाईंना सोबत घ्या. घरमालकाची लेखी संमती, वॉर्ड ऑफिस आणि दुरुस्ती मंडळाची परवानगी यांत वेळ जाईल. तोवर मेडिकलच्या दुकानातून कमोडची खुर्ची आणा. सासूबाई आधी नाक मुरडतील, पण रात्री वापरतील.

रिडेव्हलपमेंटसाठी थांबू नका. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठीच्या 33(7) या नियमाखाली किमान तीनशे फूट कार्पेट मिळायची तरतूद आहे, आणि तुम्ही आत इटालियन मार्बल लावला म्हणून त्यात फूटभरही वाढ होत नाही. तेव्हा पैसा सुरक्षिततेवर घाला : लाकडी पट्टीतल्या जुन्या वायरी काढून नव्या, गिझरला चार स्क्वेअर मिलिमीटर वायरची स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). वायरिंग भिंतीवरून केसिंगमधून न्या. जाड भिंतीत आडव्या खाचा मारल्या की ती तेवढी अशक्त होते.

प्रश्न : दादरच्या आमच्या जुन्या घराचे दरवाजे-खिडक्या बदलतोय. कंत्राटदार म्हणाला, जुनं लाकूड मीच घेऊन जातो, तुम्हाला उचलायचा त्रास नको. देऊ का?
– एक वाचक, दादर

उत्तर : एक पल्ला कडेला तासून बघा. आतून मधासारखा रंग आणि सरळ बारीक रेघा दिसल्या तर ते जुनं सागवान, कदाचित बर्मा टीकही. तसं असेल तर आधी जुन्या लाकडाच्या दोन व्यापाऱ्यांना बोलावून भाव काढा, आणि निदान मुख्य दरवाजा तरी ठेवा. ऑइलपेंटचे थर खरवडून पॉलिश केलात, बिजागऱ्या नव्या लावल्यात, की फ्लश डोअरचा खर्च वाचतो.