पाण्यातले जीव आणि उष्णता: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माशांना खाऊ म्हणून गच्चीवरच्या टबात डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, वाढवते. एप्रिल लागला की दोन दिवसांत सगळे मरतात. पाणी तर हाताला जेमतेम कोमट लागतं!

उत्तर: आपलं अंग ३७ अंशांचं, म्हणून ३५ अंशांचं पाणी आपल्याला कोमट वाटतं. डॅफ्निया मात्र पाण्याइतकाच तापतो. भिंगाखाली धरा, पारदर्शक पाठीतून हृदय धडधडताना दिसेल. पाणी तापलं की ठोके वाढतात आणि प्राणवायूही जास्त लागतो. नेमका तेव्हाच तो पाण्यात कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७. त्यातच पेशींची आवरणं आणि प्रथिनं बिघडू लागली, की हवेचा पंपही वाचवू शकत नाही.

कधी मरतात ते आधी बघा. पहाटे मेलेले दिसले आणि पाणी हिरवं असेल, तर बहुधा शेवाळाने रात्रीत प्राणवायू ओढून घेतलेला असतो. भर दुपारी मेले तर उन्हाचा संशय धरा. त्याआधी अंगावर लाली आली होती का? प्राणवायू कमी पडला की डॅफ्निया हिमोग्लोबिन वाढवतात, त्याची ती खूण.

पसरट टबाऐवजी खोल पिंप घ्या, सावलीत ठेवा, ओलं गोणपाट गुंडाळा. उन्हाळ्यापुरता मोइना हा डॅफ्नियाचा भाऊबंद वाढवा, तो जास्त उष्णता सोसतो. आणि कृपा करून टब घासून टाकू नका! तळच्या गाळात टिकाऊ अंडी असू शकतात. गाळ सुकवून ठेवा, हवा गार झाल्यावर पाण्यात घाला.

प्रश्न: आमच्याकडे पिण्याचं पाणी २० मिनिटं उकळतात. खरंच गरज आहे?

उत्तर: नाही. खळखळून उकळी येऊन मिनिटभर टिकली की पुरे. दुधातले रोगजंतू ६३ अंशांना ३० मिनिटांत मरतात, ७२ अंशांना १५ सेकंदांत. पटकी, विषमज्वराचे जंतू उकळत्या पाण्यात तगत नाहीत. पूर्वी विहिरींतून नारू पसरवणारा सायक्लॉप्स हा बारीक जलजीवही तगत नाही. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तेही चालतं. काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कवचबंद सुप्त रूपं, उरतात. त्यांच्यासाठी इस्पितळात १२१ अंशांची वाफ लागते, पिण्याच्या पाण्याला नाही. गॅस वाचवा, पण गार झालेल्या पाण्यात हात बुडवू नका. उकळलेलं पाणी तिथेच पुन्हा दूषित होतं.

प्रश्न: मग गरम पाण्याच्या कुंडांत जीव कसे राहतात?

उत्तर: त्यांची प्रथिनं जास्त घट्ट बांधलेली असतात. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना ७० अंशांना वाढणारा थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर चाचणीत नमुना पुन्हापुन्हा ९५ अंशांच्या आसपास तापवतात, तरी टिकून राहणारं विकर (एन्झाइम) मूळचं याच जिवाणूचं.