गाणी तोंडपाठ, पण उत्तर येईना

प्रश्न : मी फोंड्याजवळच्या एका शाळेत सहावी-सातवीला स्पॅनिश शिकवते. व्याकरणाचा बाऊ नको म्हणून वर्षभर गाणी घेतली. मुलं सुरेख गातात, उच्चारही छान. पण ‘तुझ्याकडे काय आहे?’ एवढं स्पॅनिशमध्ये विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. पालक म्हणतात, वह्या कोऱ्याच. गाणी थांबवून क्रियापदांचे तक्ते सुरू करू का?
— एक शिक्षिका, फोंडा तालुका

उत्तर : बाई, गाणी थांबवू नका आणि तक्तेही एवढ्यात काढू नका. गणेशचवथीला तुमची हीच मुलं घुमट-शामेळ या वाद्यांच्या तालावर आरत्यांमागून आरत्या म्हणतात, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. मधल्याच एखाद्या ओळीचा अर्थ विचारून पाहा! चाल जिभेवर बसते, अर्थ उंबऱ्याबाहेरच राहतो. तुमच्या स्पॅनिश गाण्यांचंही तेच झालंय.

चालीचा उपयोग खोटा नाही. एडिनबरा विद्यापीठातल्या एका प्रयोगात ६० प्रौढांना हंगेरियन वाक्यं शिकवली : काहींना साधी बोलून, काहींना ठेक्यात, काहींना गाऊन. ती वाक्यं हंगेरियनमध्ये पुन्हा म्हणून दाखवण्यात गाणारे सरस ठरले. पण तिथे प्रत्येक वाक्याला त्याचा अर्थ जोडलेला होता. तुमच्याकडे तोच दुवा गळलाय. ऐकलेलं कळलं तरच भाषा अंगवळणी पडते, हे भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन १९८०च्या दशकापासून सांगत आले. आणि शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाने, कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले शंभरातले ९८ शब्द आधीच माहीत हवेत. सहावीतल्या मुलाला या मापात बसणारं गाणं सापडणं कठीणच.

म्हणून गोष्ट आधी, गाणं मागाहून. कॅलिफोर्नियात स्पॅनिश शिकवणाऱ्या ब्लेन रे यांनी १९९०च्या सुमारास वर्गाला विचारत विचारत गोष्ट रचायची पद्धत रुळवली. माझ्या म्हापशाच्या वर्गात ती अशी चालते. फळ्यावर तीनच क्रियापदं, शेजारी मराठी अर्थ : किएरे (तिला हवंय), तिएने (तिच्याकडे आहे), वा (ती जाते). मग मी सुरू करते, ‘उना निन्या किएरे उन गातो.’ एका मुलीला मांजर हवंय. लगेच प्रश्न : किएरे उन गातो? सी! किएरे उन एलेफांते? नो! के किएरे (काय हवंय)? उन गातो! तेच क्रियापद चार बाजूंनी कानावर पडतं आणि कुणाला कंटाळा येत नाही, कारण मुलगी कुठे जाणार हे वर्ग ठरवतो. ती शुक्रवारच्या बाजाराला जाते. तिथे मयड्याची केळी आहेत, चोरिसांच्या माळा आहेत, मांजर नाही. पणजीला जाते. मांजर मिळतं, पण मांजराला मुलगी नको, बांगडा हवा. (हे वळण मुलांनीच काढलं. मला सुचलं नसतं.)

आता तुमच्या अडचणीचं मूळ. वर्गाशी बोलताना ‘तिला हवंय’ असंच रूप येत राहतं. म्हणून गोष्टीतली मुलगी झालेल्या विद्यार्थिनीकडे वळायचं आणि तिलाच विचारायचं : के किएरेस (तुला काय हवंय)? ती म्हणणार, किएरो उन गातो (मला मांजर हवंय). अडली तर वाक्य फळ्यावर लिहून ठेवा, खुशाल वाचू दे. के तिएनेस (तुझ्याकडे काय आहे)? — नो तेंगो गातो (माझ्याकडे मांजर नाही). ‘तुझ्याकडे’ आणि ‘माझ्याकडे’ यांची ही देवाणघेवाण वर्षभराच्या गाण्यांत कुणी केलीच नाही, तर मुलं उत्तर देणार कशी? तक्ता पाठ करून ‘तेंगो, तिएनेस, तिएने’ घडाघडा म्हणतील, पण तीही आरतीच.

गोष्ट दोन-तीन तास रंगली की तीच क्रियापदं असलेलं गाणं लावा. आता ते कळेल. गाळलेले शब्द भरायला द्यायचे ते या टप्प्यावर, आधी नाही.

पालकांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत वर्षानुवर्षं शिकलेल्या इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच उत्तम समजायचं, पण बोलताना-लिहिताना व्याकरण लंगडं. ते पाहून भाषासंशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५मध्ये मांडलं की नुसतं ऐकणं पुरत नाही, बोलायला-लिहायलाही लावावं लागतं. तेव्हा तासाची शेवटची दहा मिनिटं वहीला द्या. झालेली गोष्ट आठवून लिहायची, जमेल तेवढी. तपासताना एकच चूक धरा, उदाहरणार्थ फक्त ‘किएरो’ की ‘किएरे’. लाल शाईने पान भरवू नका.

मोठी मुलं रेगेटोनचा, म्हणजे ठेकेबाज स्पॅनिश नाचगाण्यांचा, हट्ट धरतील. चाल झटपट आवडते, पण प्वेर्तो रिकोसारख्या कॅरिबियन भागात शब्दाच्या शेवटचा ‘स’ बऱ्याचदा गिळतात, मग ‘किएरेस’ आणि ‘किएरे’ कानाला सारखेच. सहावी-सातवीला संथ, ध्रुवपद पुन्हा पुन्हा येणारी गाणीच घ्या. रेगेटोन नववीत बघू.