फायर अलार्मची चाचणी किती दिवसांनी करावी?

प्रश्न : आमच्या कार्यालयातील फायर अलार्म वर्षातून एकदा तंत्रज्ञ येऊन तपासतो. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. तंत्रज्ञाची सखोल तपासणी साधारण दर ६ महिन्यांनी व्हावी आणि मधल्या काळात कार्यालयाने स्वतः आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, भिंतीवरील एक आपत्कालीन बटण चावीने कार्यान्वित करून भोंगा सर्वत्र, अगदी स्वच्छतागृहात आणि बंद दाराच्या खोलीतही, ऐकू येतो का ते पाहावे. दर आठवड्याला निराळे बटण निवडावे. अनेक ठिकाणी दारालगतचे सोयीचे बटणच वारंवार तपासले जाते आणि कोपऱ्यातली बटणे वर्षानुवर्षे तशीच राहतात, हे मला फार धोक्याचे वाटते. अलार्मची सूचना बाहेरील नियंत्रण कक्षाकडे जात असेल, तर चाचणीपूर्वी त्यांना कळवावे.

नियंत्रण पॅनेलवर मात्र रोज नजर टाकावी. तुटलेली वायर किंवा बॅटरीतील बिघाड पॅनेल पिवळ्या दिव्याने दाखवते, पण त्याचा बारीक आवाज नकोसा होऊन कोणीतरी तो बंद करते आणि बिघाड तसाच राहतो. धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये धूळ साचली की खोटे इशारे वाढतात, आणि वारंवारच्या खोट्या इशाऱ्यांमुळे माणसे खऱ्या भोंग्यालाही जागची हलत नाहीत. रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर घातलेली टोपणे काम संपताच काढली आहेत ना, हेही तपासावे. प्रत्येक चाचणी, बिघाड व दुरुस्ती तारखेसह नोंदवहीत लिहावी.